आईच्या पायाची जखम: व्हॅक मशीनला तीन स्टार, चपलेला पाच

आधी निकाल सांगतो. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या जखमेच्या दवाखान्याला साडेचार स्टार. घरी भाड्यानं आणलेल्या व्हॅक मशीनला, म्हणजे जखमेतलं पाणी ओढून घेणाऱ्या पंपाला, तीन. ड्रेसिंगच्या महाग पाकिटांना सरसकट स्टार देता येत नाहीत, त्यांचं एकेक करून सांगतो. आणि कारागिरानं करून दिलेल्या रबरी चपलेला पाचपैकी पाच.

दवाखान्याचं नाव लिहीत नाही. डॉक्टरांना विचारलं होतं, रिव्ह्यू टाकू काय म्हणून. तर म्हणाले, "टाका की, पण नाव नको. बाहेरचा बाक आताच पुरत नाही." राजारामपुरीत राहणाऱ्यांना खुणेवरून कळेल.

माझा उद्यमनगरात लेथचा धंदा आहे. वैद्यकातलं मला काही कळत नाही, पण पंप, प्रेशर, लोड आणि रबराची हार्डनेस कळते, आणि या सगळ्या प्रकरणात निम्मं काम त्याचंच निघालं. म्हणून हा रिव्ह्यू जरा मेकॅनिकल वाटला तर सांभाळून घ्या.

पेशंट म्हणजे आमची आई. वय सत्तरीच्या पुढं, शुगर वीसेक वर्षांची. चैत्रात ती जोतिबाच्या यात्रेला गेली. वाडी रत्नागिरीचा डोंगर, सासनकाठ्या, गुलाल, आणि वर ते ऊन. देवाला जाताना ती पायात काही घालत नाही. फरसबंदी इतकी तापली होती की बरोबरची मंडळी पाय उचलत सावलीकडं पळत होती आणि आई मात्र निवांत चाललेली. तेव्हा सगळ्यांना ती भक्ती वाटली. दोन-तीन दिवसांनी स्वयंपाकघराच्या फरशीवर ओले डाग दिसायला लागले, ते तिच्या डाव्या पायाचे होते. चवड्याला, अंगठ्याच्या बुडाशी फोड येऊन फुटला होता. आईचं म्हणणं एकच, "दुखत न्हाई न्हवं, मग काय हुतंय त्याला?"

जवळच्या एका दवाखान्यात ड्रेसिंग सुरू झालं. रोज वरून हायड्रोजन पेरॉक्साइड ओतायचं, पांढरा फेस यायचा, त्यावर पावडर, त्यावर कोरडं गॉज. दुसऱ्या दिवशी चिकटलेलं गॉज सोलून काढायचं. फेस आला की सगळ्यांना बरं वाटायचं, जंतू मेले म्हणून. जंतूंबरोबर नव्यानं धरणाऱ्या पेशीही त्या फेसात मरतात आणि गॉजबरोबर उपटून येतात, हे नंतर कळलं. पावसाळा लागला तरी जखम जागची हलली नव्हती. उलट भोवती पिवळट घट्टा चढला होता आणि मधलं भोक लहान दिसत होतं, त्यामुळं वाटायचं की भरत आलीय.

राजारामपुरीतल्या दवाखान्यात गेल्यावर पहिला फरक हा जाणवला की जखमेला कुणी लगेच हातच लावला नाही. आधी पाय तपासला, दोन्ही. डॉक्टरांनी नायलॉनचा एक जाड दोरा घेतला, टोकाला दाबला की दहा ग्रॅम वजनाला वाकतो असा. आईला डोळे मिटायला सांगून तो तळव्याला ठिकठिकाणी टेकवला आणि लागला की 'हं' म्हणा म्हणून सांगितलं. आई गप्पच. डॉक्टर दोरा वाकवतायत, आम्ही बघतोय, आणि आई डोळे मिटून विचारतेय, "सुरू करा की ओ डॉक्टर." तो क्षण माझ्या पोटात गोळा आणणारा होता. तळव्याची जाणीव जवळपास सगळी गेली होती. जोतिबाच्या दगडावर ती निवांत का चालत होती, ते तिथं कळलं.

मग रक्तपुरवठा. हाताचं प्रेशर आणि घोट्याचं प्रेशर डॉपलर (रक्ताच्या वाहण्याचा आवाज ऐकवणारं यंत्र) लावून घेतात आणि घोट्याच्या आकड्याला हाताच्या आकड्यानं भागतात. भागाकार 0.9 च्या खाली आला तर पायाच्या नळ्या तुंबल्यात असं धरतात, आणि मग कितीही भारी ड्रेसिंग करा, आधी नळीचं बघावं लागतं. आईचा आकडा एकच्या वर आला. मी खूश. डॉक्टर म्हणाले, थांबा, शुगरवाल्यांच्या नळ्या कॅल्शियम साठून टणक होतात, पट्ट्यानं दबत नाहीत, त्यामुळं आकडा खोटा चांगला येतो. म्हणून अंगठ्याचंही प्रेशर घेतलं. गेज चांगलं दाखवतंय म्हणून गेजवर विश्वास ठेवायचा नाही, हे मला फार आवडलं. आमच्याकडं नवीन पोरांना हेच शिकवायला वर्ष जातं. एक्स-रे काढला, आणि बोथट सळईनं जखमेच्या तळाशी हाड लागतंय का बघितलं. लागलं नाही. तिथं निम्मी काळजी मिटली, कारण हाडाला पोहोचलेली जखम म्हणजे वेगळंच प्रकरण.

त्यानंतर ब्लेड. घट्टा तासायला घेतला तेव्हा मी बघत उभा होतो. एकेक पापुद्रा निघत होता, नखाच्या रंगाचा, कडक. आई खुर्चीत टेकून चहा पीत होती, तिला पत्ताच नाही. वरून हरभऱ्याच्या डाळीएवढं दिसणारं भोक तासता तासता बंद्या रुपयाएवढं झालं, आतून थोडा पू आला आणि खोबण दिसली. बायको म्हणाली, "अहो, ही तर वाढवली यांनी." वाढवली नव्हती, होती ती उघडी केली होती. चवड्याखालचा टणक घट्टा आत दाबत राहतो आणि आई दिवसभर त्याच्यावर उभी. तो काढल्याशिवाय वरून सोन्याचं मलम लावलं तरी उपयोग नाही. सिस्टरनी शेजारी कागदी पट्टी ठेवून फोटो काढला, लांबी-रुंदी कार्डावर लिहिली, आणि दर आठवड्याला तसंच. चार आठवड्यांत क्षेत्रफळ निम्म्यावर आलं नाही तर उपचार बदलायचा, असा त्यांचा हिशेब आहे. आधीच्या ठिकाणी कुणी एकदाही मोजलं नव्हतं.

शेजारच्या काकींचं मत मात्र ठाम होतं. "वारं लागू दे जखमेला, उघडी ठेवा, खपली धरंल." हे आपण सगळेच लहानपणापासून ऐकतोय. डॉक्टरांना मी तेच विचारलं, तर ते आईकडं वळून म्हणाले, "मावशी, तरवा लावल्यावर वाफा सुकवता काय?" आईला ते तिथल्या तिथं पटलं, मला जरा वाचावं लागलं. 1962 साली जॉर्ज विंटर या इंग्रज संशोधकानं डुकरांच्या पाठीवर सारख्या जखमा केल्या, काही उघड्या ठेवल्या, काहींवर पॉलिथिन लावलं. झाकलेल्या ओलसर जखमांवर नवी कातडी जवळपास दुप्पट वेगानं आली. कडेच्या पेशींना सरकायला ओली जमीन लागते, सुक्या खपलीखाली त्यांना वाट खणत जावं लागतं. म्हणजे माझ्या जन्माआधीपासून हे माहीत आहे, आणि तरी आमच्या गल्लीपर्यंत पोहोचलेलं नाही. अर्थात फार ओलंही चालत नाही, कडा पांढऱ्या पडून कुजतात. पाणी किती ठेवायचं यासाठीच तर एवढ्या प्रकारच्या पट्ट्या निघाल्यात.

आता मशीन. खोबण खोल होती म्हणून डॉक्टरांनी थोडे दिवस व्हॅक लावायचं ठरवलं. जखमेत काळा स्पंजासारखा फोम मापानं कापून बसवतात, वर पारदर्शक चिकट फिल्म, फिल्मला भोक पाडून नळी, नळी पंपाला. पंप 125 मिलिमीटर पाऱ्याइतकी ओढ धरतो. वातावरणाच्या दाबाचा हा साधारण सहावा हिस्सा, म्हणजे फार नव्हे. अमेरिकेत आर्जेंटा आणि मोरिक्वास या दोघांनी 1997 मध्ये हे तंत्र मांडलं. फोम आकसतो, जखमेच्या कडा आत ओढल्या जातात, साचलेलं पाणी डब्यात येतं, सूज उतरते, आणि तळाच्या पेशींना बारीक ताण बसला की त्या वाढायला लागतात. आठवड्यानंतर फोम काढल्यावर तळ लालभडक, दाणेदार दिसला. आधी तिथं फिकट पिवळं काहीतरी होतं. हे मी डोळ्यानं बघितलंय, त्यामुळं मशीन थोतांड आहे असं म्हणणार नाही.

मग तीनच स्टार का? पहिलं कारण गळती. पाय ही काय फ्लँज (पाइप जोडायची सपाट चकती) नव्हे. बोटांच्या बेचक्यात फिल्म नीट बसत नाही, घाम येतो, आणि रात्री दोनला मशीन कोकलायला लागतं. सिस्टरनी बेचक्यात चिकट पट्टीचा तुकडा आधी भरून वर फिल्म ताणायची युक्ती दाखवली, त्यानंतर त्रास कमी झाला. दुसरं कारण बॅटरी. ज्या एजन्सीकडून मशीन भाड्यानं घेतलं त्यांनी सांगितलं होतं, फुल चार्जवर दिवस निघतो. आमच्याकडं लाइट गेली आणि तासाभरात मशीन आडवं. दोन तासांच्या वर ओढ बंद राहिली तर फोम आत ठेवायचा नाही, काढून साधं ड्रेसिंग करायचं, असा नियम आहे, कारण बंद फोमात जंतू मजेत वाढतात. त्या रात्री आम्ही इन्व्हर्टरच्या वायरीशी झटत बसलो होतो. एजन्सीला फोन केला तर "सकाळी माणूस पाठवतो." माणूस दुपारी आला. डिपॉझिट परत मिळायलाही मागं लागावं लागलं. भाडं रोजचं सातशे, फोमचं किट दर बदलाला वेगळं, ते दोन हजारांच्या पुढं. हा सगळा राग एजन्सीवरचा आहे, मशीनवर थोडाच.

एक गोष्ट मात्र नक्की बघा. फोम बसवला की सिस्टर फिल्मवर मार्करनं लिहायच्या, आत तुकडे किती. काढताना तेवढेच मोजून बाहेर काढायच्या. फोमचा एखादा तुकडा आत राहिला आणि त्यावर मांस धरलं तर पुढं मोठा घोळ होतो. तुमच्याकडं घरी येणारा माणूस हे लिहीत नसेल तर त्याला लिहायला लावा.

मशीनच्या उपयोगाबद्दल अभ्यासही दोन्ही बाजूंचे आहेत. 2005 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आर्मस्ट्राँग आणि लॅव्हरी यांचा अभ्यास आला, पायाचा काही भाग कापावा लागलेल्या मधुमेहींवरचा. सोळा आठवड्यांत मशीनवाल्यांपैकी 56 टक्के बरे झाले, साध्या ड्रेसिंगवाल्यांपैकी 39. मग 2020 मध्ये जर्मनीतला डायाफू नावाचा अभ्यास आला, रोजच्या दवाखान्यातल्या परिस्थितीत केलेला, त्यात फरक जवळजवळ दिसलाच नाही: मशीनवाल्यांपैकी 14.6 टक्के बरे झाले, साध्या ड्रेसिंगवाल्यांपैकी 12.1. जखम कुठली, लावणारा कोण, आणि बाकीची काळजी कशी, यावर सगळं अवलंबून दिसतंय. आमच्या डॉक्टरांचं म्हणणं असं की खड्डा भरून आणण्यापुरतं मशीन वापरायचं, भरला की बंद करायचं. आणि त्यांनी खरंच बंद केलं, भाडं वाढवत बसले नाहीत. साडेचार स्टारमधला एक अख्खा स्टार त्याचा.

ड्रेसिंगच्या पाकिटांबद्दल. चांदीचा फोम थोडे दिवस वापरला, जंतू होते तोवर. मग साधा फोम. साधा फोम चांदीच्या निम्म्या किमतीत येतो आणि पाणी तेवढंच शोषतो, त्यामुळं इन्फेक्शन गेल्यावर चांदीचे पैसे घालवू नका. कोलॅजनची पावडर एका मेडिकलवाल्यानं आपणहून गळ्यात मारायचा प्रयत्न केला, डॉक्टरांनी गरज नाही म्हणून परत करायला लावली. वाढ-घटकांचं जेल हा एक प्रकार आहे. अमेरिकेत 1997 मध्ये बेकॅप्लर्मिन नावाचं पहिलं जेल मंजूर झालं, आणि आपल्याकडं हैदराबादच्या भारत बायोटेकचं रीजन-डी मिळतं, त्यात त्वचेच्या पेशींना वाढायला सांगणारं प्रथिन असतं. आमच्यासाठी ते राखून ठेवलं होतं, चार आठवड्यांत निम्मं झालं नाही तर. लागलं नाही.

साखरेचं प्रकरण कोल्हापूरकरांनी ऐकण्यासारखं आहे. गावाकडच्या एका पाहुण्यानं सल्ला दिला, जखमेत साखर भरा. आई उसळली, "रक्तात साखर झाली म्हणून तर हे झालं, आणि आता जखमंत भरू व्हय?" पण यात तथ्य आहे. साखर पाणी ओढून घेते, पाण्याविना जंतू जगत नाहीत. झिम्बाब्वेत वाढलेले मोझेस मुरांडू यांनी लहानपणी घरात पाहिलेल्या या उपायावर पुढं इंग्लंडमध्ये वुल्वरहॅम्प्टनच्या विद्यापीठातून रीतसर अभ्यास केला. मधाचंही तेच, शिवाय मध आंबट असतो आणि त्यातून हळूहळू पेरॉक्साइड तयार होतं. सुश्रुतानं मध आणि तूप सांगितलंय, ते उगीच नव्हे. फक्त दवाखान्यातला मध किरणांनी निर्जंतुक केलेला असतो, आणि कपाटातल्या बाटलीत जंतूंचे बीजाणू असू शकतात, तेव्हा गुऱ्हाळावरची काकवी आणि महाबळेश्वरचा मध भाकरीबरोबरच बरा.

त्याहून पुढची गोष्ट म्हणजे सुक्रोज ऑक्टासल्फेट. साखरेच्या रेणूला गंधकाचे आठ गट जोडलेला पदार्थ, ड्रेसिंगच्या जाळीत बसवतात. जुनाट जखमेत आपल्याच शरीरातली काही एन्झाइम्स नवं मांस धरायच्या आत खाऊन टाकतात, हा पदार्थ त्यांना आवर घालतो. 2018 मध्ये युरोपातल्या एक्सप्लोरर अभ्यासात वीस आठवड्यांत हे ड्रेसिंग वापरलेल्यांपैकी 48 टक्क्यांच्या जखमा बंद झाल्या, तसंच दिसणारं पण औषधाविना ड्रेसिंग वापरलेल्यांत 30 टक्के. ड्रेसिंगच्या दुनियेत इतका स्वच्छ फरक क्वचित दिसतो. इथल्या दुकानात मी विचारलं, कुणाला नाव माहीत नव्हतं. साखरेच्या पट्ट्यात राहून ही अवस्था.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ते. मशीन गेलं, खड्डा भरला, फोमची पट्टी चालू झाली, आणि जखम पुन्हा हटून बसली. एका आठवड्याला तर कार्डावरचा आकडा चढला. डॉक्टरांनी जखमेच्या पायासाठी दिलेला बूट बघितला, गुडघ्याखालपर्यंतचा, वजन चवड्यावर न येता पोटरीवर वाटलं जाईल असा. तो कोरा करकरीत होता. "मावशी, घालत नाही ना?" आई म्हणाली, "बाहेर जाताना घालतो की." पण ती बाहेर जाते किती? दिवसभर घरातच, स्वयंपाकघरात आणि देवघरात, आणि तिथं पायताण घालायचं म्हणजे तिच्या हिशेबानं पाप.

हा फक्त आमच्या आईचा हट्ट आहे असं समजू नका. अमेरिकेत 2003 साली पेशंटच्या बुटात आणि कमरेला मोजयंत्रं लावून बघितलं, तर दिवसभराच्या एकूण चालण्यापैकी जेमतेम 28 टक्के चालणं बूट घालून झालं होतं. तिथं देवघर नाही, तरी ही गत. म्हणून त्यांनी सोपा उपाय काढला: काढता येणारा बूटच पट्टी गुंडाळून न काढता येणारा करायचा. आमच्या डॉक्टरांनी तेच केलं. बूट चढवला, वरून प्लास्टरचे दोन वेढे दिले, आणि आठवड्यानं या म्हणून सांगितलं. आईचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. देवपूजा सुनेकडं गेली, आई सोप्यावरून सूचना देत राहिली. दर आठवड्याला वेढे कापायचे, घट्टा तासायचा, पट्टी बदलायची, पुन्हा वेढे. आणि जखम सरळ रेषेत कमी होत गेली. महिनोन्महिने जे औषधानं झालं नव्हतं, ते वजन काढल्यावर झालं. आमच्या भाषेत सांगायचं तर बेअरिंग बदलत बसलो होतो आणि शाफ्टचा लोड तसाच.

यामागची सगळी विद्या परदेशातून आली असं मला वाटत होतं. तसं नाही. पॉल ब्रँड नावाचे सर्जन 1946 मध्ये वेल्लोरला आले आणि कुष्ठरुग्णांचे पाय बघायला लागले. तेव्हा समज असा होता की या रोगानं मांसच आपोआप सडतं. ब्रँड यांनी दाखवलं की मांस ठीक आहे, फक्त दुखणं गेलंय, आणि दुखत नाही म्हणून माणूस त्याच जखमेवर चालत राहतो. पाय प्लास्टरमध्ये ठेवला की जखम भरते. वेल्लोरलाच पुढं मऊ, बारीक छिद्रांच्या रबराची पादत्राणं निघाली, त्याला एमसीआर म्हणतात. मधुमेही पायांना आज जगभर जे प्लास्टर घालतात ते याच घराण्यातलं. आईच्या 'दुखत न्हाई न्हवं'चं उत्तर केव्हाच सापडलं होतं.

जखम बंद झाली तेव्हा पेढे वाटायच्या तयारीत होतो, तर डॉक्टरांनी ब्रेक लावला. भरलेल्या जागेची ताकद मूळ कातडीच्या जास्तीत जास्त ऐंशी टक्क्यांपर्यंत जाते, तीही हळूहळू. आणि बंद झालेल्या जखमांपैकी चाळीसेक टक्के वर्षाच्या आत पुन्हा होतात, पाच वर्षांत पासष्ट टक्के. म्हणून चप्पल.

जवाहरनगर-सुभाषनगर भागात पिढीजात कोल्हापुरी करणारे कारागीर आहेत, त्यांतले एक जण डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून अशी पादत्राणं करतात. कोल्हापुरीला 2019 मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला, आणि आपल्याला तिचा अभिमान आहेच, पण बधिर पायाला कोल्हापुरी म्हणजे शिक्षा. टणक तळ, अंगठ्यात रुतणारी अंगठी, मागं पट्टा नाही म्हणून बोटांनी पकडून चालायचं. हे त्या कारागिरानंच मला सांगितलं, स्वतःच्याच मालाबद्दल. एक गुण मात्र तिचाच उचलला: खिळा नाही. बधिर पायात खिळा वर आला तर कळणारच नाही, त्यामुळं सगळं शिवण आणि चिकटवण.

त्यांनी माप संध्याकाळी घेतलं, पाय थोडा सुजलेला असतो म्हणून. कागदावर पाय उभा ठेवून पेन्सिल अगदी सरळ धरून रेघ मारली, घोट्याकडं कलू दिली नाही. मग शाईच्या पॅडवर आईला चालवलं. जिथं भार जास्त तिथं ठसा काळा कुट्ट, आणि तो नेमका जखमेच्या जागी. त्या जागेखाली त्यांनी तळ खरवडून आणखी मऊ थर बसवला. वर 15 शोअरचं एमसीआर, खाली टणक सोल, पुढं रुंद पट्टा, मागं वेल्क्रो. शोअर म्हणजे रबराच्या टणकपणाचं माप. शिरोलीला एका मित्राचं रबर मोल्डिंग आहे, त्याच्याकडं नेऊन ड्युरोमीटर लावला. अठरा दाखवलं. चालेल, सगळीकडं सारखं अठरा होतं, आणि अठराशे रुपयांत इतकं काम कोण करून देतो?

दोन जोड केले. एक बाहेरचा, एक फक्त घरातला, रस्त्यावर कधीच न गेलेला. आईनं घरातला जोड हातात घेऊन उलटसुलट केला, वास घेतला आणि विचारलं, "चामडं न्हाई न्हवं ह्यात?" रबर आहे म्हटल्यावर स्वयंपाकघरापर्यंत परवानगी मिळाली. देवघराच्या उंबऱ्याशी अजून वाटाघाटी चालू आहेत. सध्या तिथं खुर्ची ठेवलीय आणि बसून पूजा होते. परदेशी कंपन्यांचे याच कामाचे सँडल ऑनलाइन मिळतात, किंमत चौपट-पाचपट, आणि ते आमच्या आईनं स्वयंपाकघरात कधीच घातले नसते.

पुढं काय येतंय तेही वाचून काढलं, थोडक्यात सांगतो. आइसलँडचे लोक कॉड माशाची कातडी जखमेवर लावतात. मुंबईत टाटा हॉस्पिटलची टिश्यू बँक 1988 पासून आहे, तिथं बाळंतपणातल्या वारेचं पातळ आवरण किरणांनी निर्जंतुक करून ड्रेसिंगसाठी देतात. अहमदाबादची एक कंपनी कोळंबीच्या टरफलांतून निघणाऱ्या कायटोसॅनच्या पट्ट्या बनवते. 2023 मध्ये अमेरिकेनं जखमेवर लावायचं जनुक-औषध मंजूर केलं, जन्मतःच कातडी सुटणाऱ्या मुलांसाठी. कॅलिफोर्नियात अशी पट्टी बनतेय की ती जखमेतल्या पाण्यावरून इन्फेक्शन ओळखेल. सगळं भारी आहे. पण आईच्या पायाला ती पट्टी लावली असती तरी तिनं चवड्यावर उभं राहून भाकऱ्या थापल्याच असत्या.

दवाखान्याचा अर्धा स्टार कशात गेला ते सांगतो. जखमेचा दवाखाना पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही. ज्या पेशंटला पायावर भार देऊ नका म्हणता त्याला तुम्ही वीस पायऱ्या चढवता. आम्ही दोघांनी खुर्चीसकट उचलून नेलं. बाहेरच्या लोकांनी हे आधी फोनवर सांगून ठेवावं, कंपाउंडर मदतीला खाली येतो, पण सांगितलं तरच.

बाकी व्यवहाराचं. अपॉइंटमेंट फोनवर मिळते, तरी तासभर धरून चला. सोमवारी जाऊ नका, बाजारहाट उरकून आलेली गावाकडची गर्दी असते. गाडी खाली लावायला जागा नाही, मागच्या गल्लीत लावा. जुने रिपोर्ट आणि आतापर्यंतच्या जखमेचे मोबाइलवरचे फोटो तारखेसकट न्या, पेशंट रोज घरात काय घालतो ती चप्पलही पिशवीतून न्या, ते बघतात. ॲडमिट न होता केलेल्या ड्रेसिंगचे पैसे आमच्या पॉलिसीनं दिले नाहीत, तुमच्या पॉलिसीत आधी वाचून घ्या. पट्ट्या दवाखान्यातूनच घ्यायची सक्ती नाही, चिठ्ठी देतात, बाहेर थोड्या स्वस्त मिळतात. मशीन भाड्यानं घ्यायची वेळ आलीच तर पैसे भरायच्या आधी प्लग काढून एजन्सीच्या काउंटरवरच अर्धा तास चालवून बघा, आणि डिपॉझिट परतीची तारीख पावतीवर लिहून घ्या.